कानपिळ्याचा मान

लग्न वेळेवर लागू नये म्हणून आमच्या भागात जी मंडळी झटतात, त्यांत माझा नंबर बराच वरचा आहे. मी लग्नातला निवेदक. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतल्या बहुतेक सगळ्या मंगल कार्यालयांच्या स्टेजवर मी उभा राहिलेलो आहे. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो, पण माईक शाळेत असल्यापासूनच हातात होता आणि तो अजून सुटलेला नाही. वर्गात पन्नास पोरं माझं ऐकत नव्हती, लग्नात हजार माणसं ऐकत नाहीत. याला प्रगती म्हणायला हरकत नसावी.

आमचा धंदा बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. पत्रिकेवर मुहूर्त साडेबाराचा असतो आणि साडेबाराला कार्यक्रम सुरू होतोही, फक्त तो लग्नाचा नसतो. तो नावांचा असतो. वधूवरांना आशीर्वाद द्यायला कोण कोण आलं आहे ते मी माईकवरून सांगतो, त्या प्रत्येकाला स्टेजवर बोलावतो, फेटा, शाल, नारळ होतो, मग तो चार शब्द बोलतो. चार शब्द हे नुसतं म्हणायचं. भटजी घड्याळ बघतात, नवरी घामानं मेकअप गाळत बसते आणि स्वयंपाकघरात भात गार होतो.

नुसतं नाव घेऊन भागत नाही, नावाच्या आधी काहीतरी लावावं लागतं. तरुण असून काहीच करत नसेल तर तो युवा नेता. म्हातारा असून काहीच करत नसेल तर ज्येष्ठ मार्गदर्शक. शेती करून पांढरे कपडे घालत असेल तर प्रगतशील शेतकरी. निवडणूक हरलेला असेल तर भावी. हे कोष्टक मी इतकं घोटलंय की माणूस गाडीतून उतरतानाच त्याच्या आधी काय लावायचं ते मला कळतं.

आणि एखादं नाव राहिलं तर काय होतं ते ऐका. एका लग्नात एका पाहुण्यांचं नाव चुकून राहिलं. ते उठले आणि पार्किंगमध्ये जाऊन स्वतःच्या गाडीत काचा वर करून बसले. जेवणार नाही म्हणाले. नवरीचा बाप काच वाजवून थकला. शेवटी मी माईकवरून जाहीर केलं की ज्यांची आपण आतुरतेनं वाट पाहत होतो त्या मान्यवरांचं आत्ताच आगमन झालेलं आहे. लगेच काच खाली झाली. सकाळपासून तिथंच असलेले ते गृहस्थ गेटपर्यंत चालत गेले, गेटातून पुन्हा आत आले, लोकांना हात जोडत जोडत स्टेजवर चढले आणि उशीर झाल्याबद्दल त्यांनी सर्वांची माफीही मागितली. दुसऱ्या एका घरानं थोरलीच्या लग्नातली नावांची चिठ्ठी धाकटीच्या लग्नात तशीच माझ्या हातात दिली. ज्यांच्या दशक्रियेला मी स्वतः श्रद्धांजलीचं भाषण केलं होतं, त्यांना मी आशीर्वादासाठी स्टेजवर येण्याची नम्र विनंती केली. मांडवात दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. एरवी माझ्या निवेदनानं कोणी गहिवरत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

सांगायचं ते एवढंच, की आमच्याकडे माणूस आहे की नाही हे माईक ठरवतो. नाव घेतलं की तो आहे. आता विनूकडे येतो.

विनायक हा राजुरीचा. वय पंचविशीच्या अलीकडं, बुटका, गोल चेहरा, डोळे तिरपे बारीक, जीभ जराशी जाड, त्यामुळे बोलणं जड. गावातलं, भावकीतलं एकही लग्न तो चुकवत नसे आणि प्रत्येक लग्नात एकच काम करत असे. मंगलाष्टकांच्या आधी अक्षता वाटायच्या. परात पोटाशी धरून पहिल्या रांगेपासून सुरू करायचा आणि शेवटच्या माणसापर्यंत जायचा. मी ज्यांना कधी मान्यवर म्हटलं नाही अशांनाही द्यायचा. बँडवाले, वाढपी, गाड्यांचे ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन, सगळ्यांना मूठ मूठ. एकदा व्हिडिओवाल्यानं हात रिकामे नाहीत म्हटलं, तर विनूनं त्याच्या शर्टाच्या खिशात अक्षता ओतल्या. लोकांना वाटायचं हा वेडा आहे. मला वाटायचं की आमच्या सबंध मांडवात धड काम करणारा हा एकटाच आहे. पण मी काही ते माईकवर बोललो नाही.

विनूला डाऊन सिंड्रोम आहे. आपल्या शरीरात गुणसूत्रं जोडीजोडीनं असतात. त्यातल्या एकविसाव्या जोडीत विनूला एक जास्तीचं आलं. ते जन्मतःच येतं, कोणाच्या करणीनं येत नाही आणि कोणाच्या औषधानं जात नाही. शिकायला वेळ लागतो, पण शिकतो. हे मला त्याच्या आईनं, लताबाईंनी सांगितलं. त्यांना ते पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लहानपणी विनूच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्या महिनाभर त्याला घेऊन तिथं राहिल्या होत्या. गावाचं निदान मात्र वेगळं होतं. बाईनं ग्रहणात भाजी चिरली असणार. हे निदान करायला कोणाला पुण्याला जावं लागलं नाही. घरातले थोरले दीर, तात्या, यांनी त्यात भर घातली की आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे तिकडून आलं. तिकडून म्हणजे लताबाईंच्या माहेरून. लताबाई मला एकदा म्हणाल्या, "डॉक्टर म्हणत्यात एक जास्तीचं आलंय. आन ही सगळी म्हणत्यात कमी हाय. मोजता कुणाला येतं, तुमीच सांगा सर."

त्यांनी त्याला गावच्या शाळेत घातलं, मारामारी करून टिकवलं. तो नाव लिहायला शिकला, पाट्या वाचायला शिकला. आता सकाळी गोठा झाडतो, दूध डेअरीवर नेऊन घालतो. तो देवमाणूस वगैरे काही नाही, हेही सांगून टाकतो. अशा मुलांना देवाघरचं फूल म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. हे फूल चिडलं की शिव्या देतं, जिलबी दिसली की कोणाचं ऐकत नाही आणि कोणी फसवलं तर वर्षभर राग धरून बसतं. हट्टी तर इतकं की म्हशीनं शिकवणी लावावी.

या मुलांसाठीच्या एका समारंभाचं निवेदनही मी केलंय. दिव्यांगांचा सन्मान सोहळा होता. स्टेजवर सगळे धडधाकट होते आणि मुलं खाली उन्हात रांगेत. भाषणं संपता संपेनात. शेवटी साहित्यवाटप झालं. आलेल्या मालात काठ्या जास्त होत्या म्हणून विनूलाही एक काठी मिळाली. तो ताडताड चालत स्टेजवर गेला, काठी घेतली, फोटो झाला आणि ताडताड चालत परत आला. त्या काठीनं तो पुढं म्हशी हाकायचा. शासनाची एवढी एकच वस्तू मी पूर्णपणे वापरात आलेली पाहिली आहे.

तर या विनूच्या बहिणीचं, सोनालीचं लग्न ठरलं. सोनाली अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेली, मुलगा अक्षय लोणीचा, तोही इंजिनियर. घरात वडील होते, पण कारभार तात्यांचा. तात्या गेली कित्येक वर्षं भावी सरपंच आहेत. भावी राहण्याचा त्यांचा विक्रम आमच्या भागात कोणी मोडेल असं वाटत नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं, पाहुण्यांना विनूचं कळता कामा नये. कळलं तर सोयरीक मोडेल. पोरीलाही असलंच मूल होईल म्हणतील. म्हणून पाहण्याच्या कार्यक्रमाला विनूला मळ्यात धाडलं. साखरपुड्याला मावशीकडे धाडलं. पत्रिकेत घरातल्या सगळ्यांची नावं छापली, 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' म्हणून अजून बारसंही न झालेल्या एका बाळाचं छापलं, विनूचं तेवढं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी तात्यांनी मला बाजूला घेतलं आणि कानपिळीला आपल्या रोहितला बोलवायचं असं सांगितलं. कानपिळी म्हणजे काय तेही सांगतो. लग्नाच्या विधींत नवरीच्या भावानं नवरदेवाचा उजवा कान पिळायचा. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढंच त्यातून सांगायचं. त्याला कानपिळ्या म्हणतात आणि नवरदेवाकडच्यांनी त्याला पोशाख देऊन त्याचा मान करायचा. सोनालीला सख्खा भाऊ एकच. रोहित हा तात्यांचा मुलगा, म्हणजे चुलत. माझ्या कोष्टकात युवा नेता. सोनालीला तात्यांनी सांगितलं होतं की विनू येईल, ऐन वेळी आणू, त्याला गर्दीत भीती वाटते ना. गर्दीत आयुष्य काढलेल्या विनूला त्यांनी कार्यालयाच्या वरच्या खोलीत बसवलं होतं, मोबाईल आणि जिलबीची ताटली देऊन.

तात्या गेल्यावर लताबाई आल्या. भरजरी साडी, नाकात नथ आणि चेहरा असा की जणू दुसऱ्याच्याच लग्नाला आल्यात. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमी एवढ्यांची नावं घेता. माझ्या विनूचं एकदा घ्या. तो वर हाय, पण माईक तिथं ऐकू जातो."

मी म्हणालो, बघू. आयुष्यभर पुढाऱ्यांच्या शेजारी उभं राहिल्याचा हा परिणाम.

नावं सुरू झाली. मी सगळ्यांची घेतली. बाजार समिती, सोसायट्या, पतसंस्था, दोन्हीकडचे मामा, मामांचे मित्र. तात्यांचं नाव तीन वेगवेगळ्या पदांनी तीनदा घेतलं. आणि मंगलाष्टकांच्या आधी मी सांगितलं की आता अक्षता वाटायला सुरुवात होते आहे. हे मी प्रत्येक लग्नात सांगतो. तोंडात बसलेलं वाक्य आहे. पण वरच्या खोलीत ते वाक्य ऐकू गेलं आणि विनूला ते आपलं बोलावणं वाटलं. प्रत्येक लग्नात तेच तर असायचं.

तो जिना उतरून खाली आला, परात उचलली आणि पहिल्या रांगेत गेला. पहिली रांग लोणीकरांची होती. एरवी तो काही न बोलता अक्षता द्यायचा, त्या दिवशी मात्र प्रत्येकापुढे थांबून बोलत होता. काय बोलतोय ते मला स्टेजवरून ऐकू येईना. एक लोणीची म्हातारी हसली आणि तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. मग पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या. नंतर कळलं की तो प्रत्येकाला अक्षता देताना सांगत होता, "मी विनू. नवरीचा भाऊ."

माझ्या हातात माईक होता आणि मी ते एकदाही म्हटलं नव्हतं. त्यानं माईकशिवाय रांगेरांगेनं सगळ्या मांडवाला सांगून टाकलं. तात्या स्टेजवरून मला खुणा करत होते की बोला, काहीतरी बोला, आवाज वाढवा. मी संसार नावाच्या रथाच्या दोन चाकांबद्दल बोलू लागलो. लोक विनूकडंच बघत होते. अक्षता संपत आल्या तसे रोहितचे दोन मित्र गेले, विनूच्या खांद्यावर हात टाकून, आणखी जिलबी देतो सांगून त्याला पुन्हा वर घेऊन गेले. या वेळी त्यांनी बाहेरून कडी घातली. मंगलाष्टका झाल्या, लग्न लागलं.

लग्न लागलं की लोक ज्या वेगानं जेवणाकडे पळतात, त्या वेगानं आमच्या भागात दुसरं काहीही होत नाही. पुढचे विधी भटजी, घरची माणसं आणि मी एवढ्यांतच उरकतात. भटजींनी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला बोलवायला सांगितलं. मी चिठ्ठीवर होतं तसं, युवा नेते वगैरे लावून रोहितचं नाव घेतलं. रोहित गॉगल डोक्यावर सरकवून पुढं आला, फोटोग्राफरकडे बघून हसला आणि त्यानं हात पुढं केला.

अक्षयनं दोन्ही हातांनी आपले दोन्ही कान झाकून घेतले.

मुंडावळ्या बोटांत अडकल्या, फेटा तिरका झाला, तरी हात काढेना. कारण विचारल्यावर म्हणाला, "विनू कुठंय?"

तात्यांना वाटत होतं की विनू हे नावच लोणीला माहीत नाही. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कोण विनू?"

शेजारी नवरदेवाचे आजोबा खुर्चीवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "आवो पावणं, मगाशी अक्षता वाटत व्हता त्यो. त्यानं सांगितलं की समद्यांना."

तात्या म्हणाले की तो मुलगा जरा तसा आहे, त्याचं मनावर घेऊ नका. तेव्हा सोनाली उठली. नवरीनं विधीतून उठायचं नसतं, पण उठली आणि म्हणाली, "तो तसा न्हाई. तो माझा भाऊ हाये. तुमी आणतो म्हणला व्हता. आणा."

मग एकेक बाहेर आलं. सोनाली आणि अक्षय कॉलेजात एकाच वर्गात होते. हे लग्न जमवलेलं नव्हतं, जमलेलं होतं आणि दोन्ही घरच्या मोठ्यांनी ते माहीत नसल्याचं नाटक सांभाळलं होतं. विनू तर कॉलेजच्या गॅदरिंगला जाऊन आलेला होता, अक्षयच्या गाडीवर मागं बसून अवसरी ते मंचर फिरलेला होता. अक्षयनं हे घरी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे राजुरीला माहीत होतं, लोणीला माहीत होतं, फक्त तात्यांना वाटत होतं की कोणाला माहीत नाही. तात्यांनी जरा दुखावून विचारलं की मग पाहण्याच्या वेळी तुम्ही विचारलं का नाही. आजोबा म्हणाले, "तुमी सांगितलं न्हाई, मग आमी कशाला विचारायचं. वाटलं, तुमच्यात भावाला लपवायची रीत असंल."

एवढ्या नम्रपणे झालेला अपमान मी कुठल्याच स्टेजवर ऐकला नव्हता. भटजी म्हणाले मुहूर्त टळतोय. सकाळपासून त्यांनी हे वाक्य गिळलं होतं, ते नेमकं तिथं बाहेर पडलं. पण अक्षयचे हात कानांवरून निघेनात. सोनालीचे वडील, जे सगळं लग्नभर भावाच्या मागं हात बांधून उभे होते, ते आजूबाजूला न बघता म्हणाले, "लता, जा. घेऊन ये त्याला."

लताबाई नथ सावरत, साडी एका हातानं उचलून पळत वर गेल्या. कडीचा आवाज स्टेजपर्यंत आला. माझा माईक तेव्हा बंद होता, तरी आला. त्या विनूचा हात धरून खाली आल्या. एव्हाना पंगतीत बातमी गेली होती आणि जेवणाऱ्यांतले बरेच खरकट्या हातानं मांडवात येऊन उभे होते. जेवण सोडून लोक विधी बघायला परत आलेत, हे मी माझ्या धंद्यात पहिल्यांदा पाहिलं.

विनूला फेटा नव्हता. सकाळपासून सगळे फेटे मान्यवरांच्या डोक्यावर गेले होते. सोनालीनं रोहितकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, फेटा दे." युवा नेत्यानं तो गॉगलसकट काढला. गॉगल तिनं परत दिला.

आता नाव घ्यायचं माझ्याकडं आलं. मी सवयीनं चिठ्ठी चाचपली. त्यात काहीच नव्हतं. विनूच्या नावाआधी काय लावायचं हे माझ्या कोष्टकातही नव्हतं. तो काही भावी नव्हता, तो समोर उभा होता. मी म्हणालो, "वधूचे बंधू, श्री. विनायक, यांनी कानपिळीसाठी पुढं यावं." हे एक पद असं आहे की त्याला निवडणूक नाही, हरता येत नाही आणि ते दुसऱ्याला देताही येत नाही. असं माईकवर बोलायला हवं होतं. ते मला रात्री सुचलं.

बाकीचे भाऊ कान पिळतात म्हणजे नुसता हात लावतात आणि फोटो काढतात. विनूला हे नाटक असतं हे कोणी सांगितलं नव्हतं. जिना उतरताना आईनं सांगितलेलं हे त्याच्या लेखी खरं काम होतं. त्यानं अक्षयचा उजवा कान चिमटीत पक्का धरला, पिळला आणि सोडलाच नाही. डेअरीचे कॅन उचलणारा हात तो. अक्षय एका बाजूला वाकला. मी माईक जवळ धरला होता, त्यामुळे पुढचं सगळ्या मांडवानं ऐकलं.

"ताईला मारायचं न्हाई."

"न्हाई मारणार."

"ताईला फोन करू द्यायचा. मला. रोज."

"रोज करंल. सोड आता."

"जत्रेला आणायचं."

"आणतो, विनू. कान राहिला तर आणतो."

विनूनं जरा विचार केला, आणखी एकदा पिळला आणि सोडला. मांडवात हशा झाला, पण लोणीच्या बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले, ते लपवण्यात काही अर्थ नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत अक्षयचा एक कान लाल आहे. मग पोशाख देण्याची वेळ आली, तेव्हा अक्षयच्या बॅगेतून जो शर्ट निघाला तो रोहितच्या मापाचा नव्हता. तो बुटक्या, रुंद माणसाच्या मापाचा होता आणि विनूला तो नीट बसला.

एवढं झाल्यावर तात्या गप्प बसतील असं ज्याला वाटलं असेल, त्यानं आमच्या भागातली लग्नं पाहिलेली नाहीत. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला. आमच्या कुटुंबानं विनायकला कधीच वेगळं मानलं नाही, आज सगळ्या तालुक्यापुढं आम्ही एक आदर्श ठेवला आहे, अशी सुरुवात करून ते बराच वेळ बोलले. लोक पुन्हा जेवायला गेले. पुढच्या महिन्यात चौकात त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, त्यावर त्यांच्या खांद्याला खांदा लावून विनूचा फोटो होता. फोटो कानपिळीचाच होता. अक्षयला कापून त्याच्या जागी तात्यांना बसवलं होतं आणि विनूचा हात त्यांच्या कानाजवळ हवेत होता. ज्यानं तो बनवला त्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

त्या लग्नानंतर मी एक सवय लावून घेतली. यजमान चिठ्ठी देतात तेव्हा विचारतो, घरातलं कोणी राहिलंय का. बहुतेक जण चिडतात. एकानं मला विचारलं की सर, तुम्ही जनगणनेवर आहात का. पण एका घरात आजी खालच्या आवाजात म्हणाली की माझी नात आहे, मागच्या खोलीत. ती नात स्टेजवर आली, तिनं करवलीचा दिवा धरला आणि तो सबंध लग्नात खाली ठेवला नाही. अशा किती घरांत मागच्या खोलीत कोणी बसलेलं असताना मी माईकवर बोलत राहिलो असेन, याचा विचार आला की वाईट वाटतं. त्या खोल्यांतही माईक ऐकू जात असणार.

पाठवणीचं राहिलं. फुलांनी सजवलेली गाडी गेटाशी आली. बायका गळ्यात पडून रडायला लागल्या, व्हिडिओवाला त्यांना जरा इकडं तोंड करून रडायला सांगत होता. नवरीसोबत सासरी जायला पाठराखीण म्हणून एक मावशी तयार होती, पिशवी भरून. गाडीचं दार उघडलं तर पुढच्या सीटवर विनू बसलेला. नवा शर्ट, डोक्याला फेटा, सीटबेल्ट लावलेला आणि मांडीवर जिलबीची ताटली. मावशी म्हणाली, ही माझी जागा. विनू म्हणाला, "माझी. मी भाऊ." तात्या त्याला उतरवायला पुढं झाले. अक्षयनं लाल झालेल्या कानावर हात ठेवला आणि म्हणाला, "बसू द्या त्याला. उतरवलं तर दुसराबी जाईल माझा."

लताबाई खिडकीशी उभ्या होत्या. रडत नव्हत्या. विनूच्या फेट्याचं शेपूट नीट करत होत्या आणि सांगत होत्या की रात्री गोळी घे, लोणीवाल्यांना त्रास देऊ नको. गाडी सुरू झाली तशी विनूनं काच खाली केली, मला बघितलं आणि हाक मारली.

"सर, माझं नाव परत घ्या."

साउंडवाल्यानं तोवर वायरी गुंडाळून माईक पेटीत टाकला होता. मी रस्त्यावर उभा होतो, हातात काही नाही. आयुष्यात माईकशिवाय मी कधी कोणाचं नाव घेतलेलं नव्हतं. घसा खाकरला आणि सगळ्या वऱ्हाडाला, पार्किंगमधल्या ड्रायव्हरांना, बँडवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "वधूचे बंधू, श्री. विनायक!"

विनूनं खिडकीतून हात जोडले, अगदी मान्यवरासारखे. गाडी लोणीच्या रस्त्याला लागली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या तात्यांनी फेटा नीट केला आणि छाती पुढं काढली. यानंतर नाव आपलंच येणार असं त्यांना वाटलं होतं. मी कोणाचंच घेतलं नाही.